पाण्याबरोबर शिंपलीही तपासा

पावसाळा संपून समुद्र निवळला की कोकणातल्या बाजारांत तिसऱ्या, खुबे, शिनाणे आणि कालवे यांचे वाटे दिसू लागतात. पूर्वी हे सारे खडकावरून खरवडून किंवा खाडीच्या चिखलातून वेचून आणले जाई. आता त्यातला काही भाग शेतीतून येतो. खाडीत बांबूचे तराफे बांधायचे, त्यांना दोर सोडायचे आणि त्या दोरांवर हिरव्या शिंपल्या म्हणजे शिनाणे वाढवायचे. कालवांसाठी रिकाम्या शिंपांच्या माळा टांगायच्या. राज्याच्या कांदळवन कक्षाने 2017 पासून कांदळवन संवर्धन व उपजीविका निर्माण योजनेतून अशा शेतीला हातभार लावला आहे, आणि ती करणाऱ्यांत महिला बचतगट पुढे आहेत. या शेतीला खाद्य घालावे लागत नाही, खत लागत नाही, जमीन लागत नाही. ताटात पडणारे मांस प्रथिने, लोह, जस्त आणि ब-12 जीवनसत्त्वाने भरलेले असते. असा उद्योग वाढावा, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही.

पण तो वाढवताना एक गोष्ट मागे राहते आहे. या शिंपल्यांत शिसे, कॅडमियम, पारा यांसारखे धातू किती आहेत, याची ठरावीक काळाने तपासणी व्हायला हवी. तिचा निकाल गावाला आणि बाजाराला कळायला हवा. ही तपासणी शेती सुरू होण्याच्या आधीपासून हवी, आणि ती केवळ खाडीच्या पाण्याची असून भागणार नाही.

याचे कारण या प्राण्याच्या जेवणाच्या पद्धतीत आहे. शिनाणे किंवा कालव एका जागी चिकटून बसते आणि पाणी गाळून जगते. आकार आणि तापमान यांप्रमाणे एकेक शिंपली तासाला एक ते काही लिटर पाणी कल्ल्यांतून फिरवते, त्यातले सूक्ष्म शैवाल आणि कण ठेवून घेते आणि उरलेले पाणी सोडून देते. त्या कणांना चिकटलेले आणि पाण्यात विरघळलेले धातूही याच वाटेने शरीरात येतात. कॅडमियम आणि तांबे यांसारखे धातू तिथल्या गंधकयुक्त प्रथिनांना बांधले जातात आणि साठत राहतात.

आकड्यांत पाहू. समजा, खाडीच्या एक लिटर पाण्यात 50 नॅनोग्रॅम कॅडमियम आहे. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग. इतके कॅडमियम असलेल्या पाण्याला कोणी प्रदूषित म्हणणार नाही. त्याच पाण्यात वाढलेल्या शिंपलीच्या एक किलो मांसात 200 मायक्रोग्रॅम कॅडमियम सापडले, तर ते पाण्यातल्या प्रमाणाच्या चार हजार पट झाले. असे हजारो पटींचे गुणोत्तर या प्राण्यांत नेहमीचे आहे. पाण्याचा अहवाल ‘ठीक’ आला, म्हणून शिंपलीही ठीक असेल असे मानता येत नाही, ते यासाठी.

दुसरी अडचण मोजण्याची आहे. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात आणि त्या गर्दीतून काही नॅनोग्रॅम धातू शोधायचा असतो. बाटली नीट आम्लाने धुतलेली नसेल, नमुना घेणाऱ्या होडीचा रंग खरवडला असेल किंवा दोराऐवजी धातूची तार वापरली असेल, तरी आकडा चुकतो. क्लेअर पॅटरसन या अमेरिकी शास्त्रज्ञाने 1960 आणि 1970च्या दशकांत दाखवून दिले की समुद्रातल्या शिशाचे तोवरचे बहुतेक आकडे फुगलेले होते. मोजले जात होते ते बव्हंशी प्रयोगशाळेतले आणि उपकरणांतले शिसे. त्यात खाडीचे पाणी भरती-ओहोटीबरोबर दिवसातून चार वेळा दिशा बदलते. सकाळी घेतलेला नमुना संध्याकाळची गोष्ट सांगत नाही, आणि रात्री कोणी सांडपाणी सोडले तर सकाळी त्याचा माग उरत नाही.

शिंपली मात्र तिथेच बसलेली असते. गेल्या काही आठवड्यांत आणि महिन्यांत त्या जागेवरून काय वाहून गेले, याची सरासरी ती आपल्या मांसात धरून ठेवते. तिच्यातले प्रमाण पाण्यापेक्षा हजारो पटींनी अधिक असल्याने मोजणेही सोपे जाते. याच तर्काने एडवर्ड गोल्डबर्ग या सागर-रसायनशास्त्रज्ञाने 1975 मध्ये जगभर शिंपल्यांवर ‘पहारा’ ठेवण्याची कल्पना मांडली. ‘मसल वॉच’ म्हणजे शिंपली-पहारा या नावाने अमेरिकेच्या सागरी प्रशासनाचा कार्यक्रम 1986 पासून सुरू झाला. फ्रान्सही 1970च्या दशकापासून आपल्या किनाऱ्यावरच्या शिंपल्या आणि कालवे तपासत आला आहे. जिथे शिंपल्या निसर्गतः नसतात, तिथे त्या जाळीत घालून टांगतात आणि काही महिन्यांनी काढून तपासतात. आपल्या बचतगटांनी खाडीत सोडलेले दोर हेच काम आयते करत आहेत. त्यांच्याकडे मोजपट्टी घेऊन जाणारा कोणी हवा, एवढेच.

मग आपण काय मोजतो? महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ नद्या-खाड्यांच्या पाण्याचा जो गुणवत्ता निर्देशांक प्रसिद्ध करते, तो विरघळलेला प्राणवायू, जैविक प्राणवायू मागणी, सामू आणि मैल्यातले जिवाणू या चार गोष्टींवर बेतलेला आहे. हे मोजमाप आवश्यक आहेच. सांडपाणी किती मिसळते आहे हे त्यावरून कळते. पण शिसे, कॅडमियम किंवा पारा यांच्याबद्दल हा निर्देशांक काहीच सांगत नाही. तो ‘चांगला’ असलेल्या खाडीत धातूंची अडचण असू शकते, आणि ‘वाईट’ असलेल्या खाडीत ती नसूही शकते.

हा प्रश्न पुस्तकी नाही. 1986 मध्ये तैवानच्या नैऋत्य किनाऱ्यावर चार्टिंग भागातल्या शेतीतली कालवे हिरवी पडली आणि मरू लागली. जवळच्या एर्हजेन नदीच्या काठी भंगारातून तांबे काढण्याचे कारखाने होते. तिथले तांबे नदीवाटे किनाऱ्यावर येत होते. कालवे तांबे आणि जस्त मोठ्या प्रमाणावर साठवतात, त्यामुळे त्यांचा रंगच बदलला. त्या किनाऱ्यावरच्या लोकांना निदान डोळ्यांनी दिसले. कॅडमियम आणि शिसे साठले तर शिंपलीचा रंग बदलत नाही, वास येत नाही, चवही बिघडत नाही. आणि एका प्राण्यावरून दुसऱ्याचा अंदाजही बांधता येत नाही. शिनाणे तांबे-जस्ताचे प्रमाण शरीरात बऱ्यापैकी आवरून धरतात, पण कालवे धरत नाहीत. म्हणून ज्या खाडीत जे वाढवायचे, तेच तपासायला हवे.

आता तब्येतीचे. मासा साफ करताना आपण त्याचे आतडे काढून टाकतो. माकुलाचेही काढतो. शिंपली मात्र आपण आतड्यासकट, पचनग्रंथीसकट खातो, आणि कॅडमियम साठण्याची मुख्य जागा तीच. माणसाच्या शरीरात हा धातू मूत्रपिंडात जाऊन बसतो आणि तिथून अर्धा बाहेर पडायलाच दहा ते तीस वर्षे लागतात. त्याचा त्रास आज खाल्ले आणि उद्या आजारी पडले असा होत नाही. वर्षानुवर्षे थोडे थोडे साठत जाते, मूत्रपिंडाची गाळणी हळूहळू निकामी होते, मग हाडे ठिसूळ होतात. जपानच्या जिन्झू नदीच्या खोऱ्यात खाणीतल्या कॅडमियमने भातशेती दूषित झाली आणि ‘इताई-इताई’ नावाचा आजार पसरला. या शब्दांचा अर्थच ‘दुखते, दुखते’ असा आहे. त्यात सर्वाधिक भरडल्या गेल्या त्या वयस्कर बायका.

किती खाल्ले तर चालते, याचा हिशेब करता येतो. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2009 मध्ये शरीराच्या दर किलो वजनामागे आठवड्याला 2.5 मायक्रोग्रॅम कॅडमियम ही मर्यादा धरली. म्हणजे 60 किलो वजनाच्या माणसाला आठवड्याला 150 मायक्रोग्रॅम, आणि तेही भात, भाजी, सगळे मिळून. शिंपल्यांत किलोमागे 200 मायक्रोग्रॅम कॅडमियम असेल, तर 200 ग्रॅम मांसातून पोटात 40 मायक्रोग्रॅम जाते. चिंतेचे कारण नाही. पण हेच प्रमाण किलोमागे एक मिलिग्रॅम, म्हणजे युरोपीय संघाच्या कायदेशीर मर्यादेच्या काठावर असेल, तर एका जेवणातून 200 मायक्रोग्रॅम जाते आणि आठवड्याचा कोटा ओलांडला जातो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्नसंहितेने, म्हणजे ‘कोडेक्स’ने, शिंपल्यांसाठी किलोमागे दोन मिलिग्रॅमची मर्यादा ठरवली आहे आणि कालवांना तीतून वगळले आहे. म्हणजे कोडेक्सच्या पट्टीने पास होणारी शिंपली युरोपात नापास होऊ शकते.

या मर्यादा आयुष्यभराच्या सरासरीसाठी असतात. दिवाळीच्या सुट्टीत तारकर्लीला जाऊन दोनदा कालवे खाणाऱ्या पर्यटकाला त्यांची धास्ती बाळगायचे कारण नाही. प्रश्न आहे तो किनाऱ्यावर राहणाऱ्या, हंगामात आठवड्यातून दोन-तीनदा खाणाऱ्या घरांचा. म्हणजे ज्या बायका ही शेती करतात, त्यांच्याच घरांचा. त्यात आणखी एक गाठ आहे. शरीरात लोह कमी असेल तर आतडे कॅडमियम अधिक शोषून घेते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत 15 ते 49 वयोगटातल्या 57 टक्के भारतीय महिलांना रक्तक्षय असल्याचे आढळले. रक्तक्षयावर उपाय म्हणून लोहयुक्त शिंपल्या खा, असे सांगायचे असेल, तर त्या शिंपल्यांत दुसरे काय आहे हे सांगण्याची जबाबदारीही आपल्यावर येते.

इथे दोन समजुती दूर करायला हव्यात. पहिली, उकडले की सगळे जाते. उकळण्याने जिवाणू मरतात, धातू मरत नाही. दुसरी समजूत शुद्धीकरणाची. शिंपल्या स्वच्छ पाण्यात दोन दिवस ठेवल्या की पोटातली वाळू आणि बरेचसे जिवाणू बाहेर पडतात, आणि हे करायलाच हवे. पण मांसात बांधला गेलेला कॅडमियम किंवा शिसे दोन दिवसांत निघत नाही, त्याला आठवडे-महिने लागतात. धातूंवर शेतकऱ्याच्या हातातला एकच उपाय आहे, तो म्हणजे योग्य जागा. आणि जागा योग्य आहे की नाही, हे मोजल्याशिवाय कळत नाही.

मोजण्याची मागणी करणारे नेहमी एक भीती ऐकतात. आकडे बाहेर आले की ‘कोकणच्या शिंपल्यांत विष’ अशी हेडलाइन होईल आणि गरिबांचा धंदा बसेल. ही भीती खोटी नाही, कारण अर्धवट आकड्यांनी असे खरोखरच घडू शकते. शास्त्रीय लेखांत धातूचे प्रमाण बहुतेकदा वाळवलेल्या मांसावर दिलेले असते, आणि कायद्यातल्या मर्यादा ओल्या मांसावर असतात. शिंपलीच्या मांसात सुमारे ऐंशी टक्के पाणी असल्याने वाळलेल्या मांसाचा आकडा पाचपट मोठा दिसतो. तो तसाच मर्यादेशेजारी ठेवला तर चांगली शिंपलीही विषारी ठरते. आर्सेनिकचेही तसेच. समुद्री अन्नातले बहुतांश आर्सेनिक निरुपद्रवी सेंद्रिय रूपात असते, आणि ‘एकूण आर्सेनिक’ या आकड्यावरून धोका ठरवता येत नाही. पाऱ्याची खरी चिंता मुशी, मोठी सुरमई, मोठा कुपा यांसारख्या शिकारी माशांत असते. अन्नसाखळीच्या तळाशी असलेल्या शिंपल्यांत तो सहसा कमी असतो. अर्थात, पारा थेट सोडला जात असेल तर गोष्ट वेगळी. जपानच्या मिनामाता उपसागरातले मासे आणि शिंपल्या खाऊन लोकांचे मज्जासंस्थेचे आजार सुरू झाले, ते एका रासायनिक कारखान्याच्या सांडपाण्यातल्या पाऱ्याने. 1956 मध्ये त्या आजाराची अधिकृत नोंद झाली आणि सरकारने कारण मान्य केले ते 1968 मध्ये. मधली बारा वर्षे लोक तेच खात राहिले.

शिवाय सगळा धातू कारखान्यातलाच असतो असेही नाही. कोकणचा जांभा लोहाने भरलेला आहे, सिंधुदुर्गात क्रोमाइटचे साठे आहेत, आणि त्यांची माती दर पावसाळ्यात खाडीत उतरते. म्हणून एखाद्या खाडीत क्रोमियम सापडले की लगेच कोणाकडे बोट दाखवता येणार नाही. त्या खाडीचे मूळचे प्रमाण किती, हे आधी माहीत असायला हवे. हा पायाभूत आकडा नसेल, तर उद्या खरोखर कोणी प्रदूषण केले तरी ते सिद्ध करता येणार नाही. लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीवरून दाभोळ खाडीतले मच्छीमार वर्षानुवर्षे तक्रार करत आले आहेत. ठाणे खाडी आणि उल्हास नदीच्या मुखातल्या पाऱ्यावर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी काही दशकांपूर्वीच काम केले आहे. तक्रार आणि पुरावा यांच्यात जे अंतर असते, ते नियमित मोजमापच भरून काढू शकते. त्याने निरपराध उद्योगाचेही रक्षण होते.

अफवेवर उताराही हाच. ज्या खाडीचे पाच वर्षांचे आकडे पंचायतीच्या फलकावर लागलेले आहेत, तिथल्या शिंपल्यांबद्दल कोणी काहीही पसरवले तरी उत्तर तयार असते. ज्या खाडीचा एकही आकडा नाही, तिथे एका व्हॉट्सअ‍ॅप संदेशाने हंगाम बुडतो.

निर्यातीच्या मालाला हे आपण मान्य केलेलेच आहे. युरोपीय संघात शिंपल्या जिथून काढायच्या त्या क्षेत्राचे आधी वर्गीकरण करावे लागते आणि दूषितकांची तपासणी चालू ठेवावी लागते. परदेशी जाणाऱ्या मत्स्योत्पादनांसाठी आपली निर्यात निरीक्षण परिषद अवशेष-नियंत्रणाचा कार्यक्रम राबवते. देशी ग्राहकासाठी अन्नसुरक्षा नियमांत शिसे-कॅडमियमच्या मर्यादा लिहिलेल्या आहेत. पण मालवणच्या किंवा रत्नागिरीच्या बाजारात वाटा घेणाऱ्या बाईला तो वाटा कोणत्या खाडीतला आहे आणि त्या खाडीची शेवटची तपासणी कधी झाली, हे कळण्याची सोय नाही. परदेशी ग्राहकाचे मूत्रपिंड आणि आपले मूत्रपिंड यांत असा फरक का असावा?

करायचे काय, ते अवघड नाही. नव्या शेतीला जागा देण्याआधी त्या खाडीतले पाणी, तळाचा चिखल आणि तिथल्या शिंपल्या यांची वर्षभर तपासणी व्हावी. शेती सुरू झाल्यावर वर्षातून किमान दोनदा, पावसाळ्यानंतर आणि काढणीच्या आधी, मांस तपासले जावे. एकदाच तपासून उपयोग नाही. पावसाळ्यात खाडीचे पाणी गोडसर होते, आणि खारेपणा उतरला की कॅडमियम क्षारांच्या पकडीतून सुटून शिंपलीत अधिक जाते. शिनाणे मेपर्यंत काढून होतात, पण कालवांना वाढायला वर्षाहून अधिक काळ लागतो आणि त्यांना मधला पावसाळा सोसावा लागतो. प्रत्येक खेपेचा थोडा नमुना वाळवून जपून ठेवला, तर पुढच्या पिढीच्या प्रश्नांनाही उत्तर मिळेल. निकाल मराठीत, ओल्या मांसावर, मर्यादेच्या शेजारी मांडून ग्रामपंचायतीत आणि बाजारात लावावा. आणि आकडा मर्यादेबाहेर गेला, तर तोटा बचतगटाने सोसायचा नाही. त्यांना भरपाई आणि दुसरी जागा मिळावी. नाही तर तपासणीला नमुने द्यायला कोणी पुढे येणार नाही, आणि आले तरी चांगलेच नमुने येतील.

यासाठी नवी संस्था उभारायची गरज नाही. रत्नागिरीत मत्स्य महाविद्यालय आहे, मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे मुख्यालय गोव्यात दोनापावलाला आणि एक केंद्र मुंबईत आहे. खर्चाचे म्हणाल, तर खाडीत सांडपाणी सोडण्याची संमती मागणाऱ्या उद्योगांकडून त्यासाठी वेगळे शुल्क घेता येईल. ज्याला खाडी वापरायची आहे, त्याने तिच्या तपासणीचा भार उचलावा.

मोजल्याने काय साधते, याचे एक जुने उदाहरण फ्रान्सच्या आर्काशाँ उपसागरातले आहे. 1970च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या कालवांच्या शिंपा विचित्र जाड होऊ लागल्या आणि पिल्ले टिकेनाशी झाली. कारण निघाले ते होड्यांच्या तळाला लावण्याच्या रंगातले कथिलाचे एक संयुग, तेही लिटरमागे काही नॅनोग्रॅम इतक्या कमी प्रमाणात घातक. 1982 मध्ये फ्रान्सने 25 मीटरपेक्षा लहान होड्यांना तो रंग लावण्यावर बंदी आणली आणि तिथले कालवपालन सावरले. उत्पादक, शास्त्रज्ञ आणि सरकार यांच्यापुढे तेच आकडे होते, म्हणून हे जमले.

आपल्याकडे ही शेती अजून लहान आहे आणि खाड्याही बऱ्याच अंशी चांगल्या स्थितीत आहेत, असे मानायला जागा आहे. म्हणूनच पायाभूत आकडे गोळा करायची वेळ हीच आहे. दहा वर्षांनी तराफे शेकड्यांनी झाल्यावर तपासणी सुरू केली, तर पहिलाच वाईट आकडा संकट ठरेल. आज सुरू केली, तर तो एका खाडीतला, एका हंगामातला, सोडवता येण्याजोगा प्रश्न असेल. मत्स्यव्यवसाय विभागाने आणि कांदळवन कक्षाने पुढच्या तराफ्याला मंजुरी देताना फाइलमध्ये एक कागद जास्तीचा मागावा, तो म्हणजे त्या खाडीतल्या शिंपल्यांचा धातू-अहवाल. आणि त्याची एक प्रत बाजारात लावावी.